मूरचा टोर्नेडो आणि मदतीचं राजकारण: पैसा नक्की कुठे अडतो?

मंदार_प
२० मे २०१३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या मूर शहरावरून ईएफ-५ टोर्नेडो गेला (ईएफ ही टोर्नेडोची ० ते ५ श्रेणी, ५ सर्वांत तीव्र). २४ माणसं गेली. त्यांतली सात मुलं एकाच शाळेतली, प्लाझा टॉवर्स प्राथमिक शाळेतली. नुकसान सुमारे दोन अब्ज डॉलरचं. ढिगारे उपसणं चालू होतं तेव्हाच वॉशिंग्टनमध्ये वाद पेटला, कारण चारच महिन्यांपूर्वी, २८ जानेवारीला, पूर्व किनाऱ्यावरच्या सँडी वादळग्रस्तांसाठीचं ५०.५ अब्ज डॉलरचं विधेयक सिनेटमध्ये ६२ विरुद्ध ३६ मतांनी मंजूर झालं होतं आणि त्या ३६ मध्ये ओक्लाहोमाचे दोन्ही सिनेटर होते: जिम इनहोफ आणि टॉम कोबर्न. आता आपल्या राज्यावर वेळ आल्यावर इनहोफ म्हणाले की हे प्रकरण पूर्ण वेगळं आहे. कोबर्न यांची भूमिका अशी की मदत द्या, पण तेवढा खर्च दुसरीकडे कापा.

माझं मत स्पष्ट आहे. माणसं ढिगाऱ्याखाली असताना 'आधी कुठे कापायचं ते सांगा' म्हणणं अमानुष आहे. पण मला मतापेक्षा यंत्रणेबद्दल जाणून घ्यायचंय. संसदेतलं मतदान आणि घर गमावलेल्या कुटुंबाच्या हातात पडणारा चेक यांच्यामध्ये काय काय असतं? पैसा कुठे अडतो? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

सायली_म
हे एकदा घडलेलं नाही. २२ मे २०११ ला मिसूरीतल्या जॉप्लिनमध्ये दीडशेहून जास्त माणसं गेली, तेव्हा प्रतिनिधीगृहातले बहुमताचे नेते एरिक कँटर यांनी हीच अट पुढे केली होती. आणि केंटकीचे सिनेटर रँड पॉल यांनी सँडीच्या मदतीविरोधात मत दिलं होतं, पण डिसेंबर २०२१ मध्ये त्यांच्याच राज्यातलं मेफिल्ड टोर्नेडोने उद्ध्वस्त झालं तेव्हा तातडीच्या मदतीची मागणी करणाऱ्यांत तेही होते. मागितली यात काही चूक नाही, मागायलाच हवी होती. इतरांनी मागितली तेव्हा ती नाकारणं चूक होतं.

कोरडवाहू
मंदार, इनहोफ आणि कोबर्न यांना एका पारड्यात टाकू नका. कोबर्न यांनी स्वतःच्या राज्यासाठीही तीच अट घातली. १९९५ मध्ये ओक्लाहोमा सिटीतल्या बाँबस्फोटानंतरच्या पुरवणी खर्चाबद्दलही त्यांचं तेच म्हणणं होतं. त्यांची भूमिका पटो न पटो, ती सगळ्यांना सारखी होती.

आणि सँडीच्या विधेयकात सगळं सँडीचंच होतं असंही नाही. सिनेटच्या डिसेंबरमधल्या मसुद्यात मासेमारीच्या नुकसानीसाठी १५ कोटी डॉलर होते आणि त्यात अलास्काही होतं. आपत्तीच्या गाडीत असा माल चढवला की पुढच्या खऱ्या आपत्तीच्या वेळी लोक शंका घेतात. त्याची किंमत आपत्तीग्रस्तच मोजतात.

सायली_म
@कोरडवाहू, कोबर्न यांच्या सातत्याबद्दल मान्य. पण त्याच ओक्लाहोमातले प्रतिनिधी टॉम कोल मूरमध्येच राहतात, रिपब्लिकनच आहेत, आणि त्यांनी सँडीच्या बाजूने मत दिलं होतं. म्हणजे त्याच पक्षात, त्याच राज्यात दुसरा मार्ग होता.

हिशेबनीस
मूळ प्रश्नाकडे येतो. मूरसाठी वेगळ्या मतदानाची गरजच पडली नाही. फेमाकडे, म्हणजे केंद्राच्या आपत्ती व्यवस्थापन संस्थेकडे, आपत्ती मदत निधी नावाचा कायमचा निधी असतो आणि त्या दिवशी त्यात ११ अब्ज डॉलरहून जास्त रक्कम शिल्लक होती. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी त्याच रात्री आपत्ती जाहीर केली आणि खर्च त्या निधीतून सुरू झाला. सिनेटरांच्या वादामुळे मूरचा एक डॉलरही अडला नाही.

ही शिल्लक कशी होती तेही पाहा. २०११ च्या अर्थसंकल्प नियंत्रण कायद्याने खर्चावर मर्यादा घातली, पण आपत्तीसाठी त्या मर्यादेबाहेर जागा ठेवली: मागच्या दहा वर्षांच्या आपत्ती खर्चाची सरासरी, त्यातलं सर्वांत जास्त आणि सर्वांत कमी खर्चाचं वर्ष वगळून. म्हणजे नेहमीच्या आपत्तींची तरतूद आधीच व्हावी, दर वेळी हात पसरायला लागू नयेत.

मग 'आधी कापा' या हट्टाने नुकसान कुणाचं होतं? आधीच्या आपत्तीतल्या गावाचं. ऑगस्ट २०११ च्या अखेरीस आयरीन वादळ आलं आणि निधी एक अब्जाच्या खाली गेला. असं झालं की फेमा 'तातडीची गरज' पद्धत लावते: जीव वाचवणं, तात्पुरता निवारा आणि कुटुंबांना थेट मदत चालू राहते, रस्ते, शाळा, सार्वजनिक इमारतींची दीर्घकालीन कामं थांबतात. तेव्हा थांबलेल्या कामांमध्ये जॉप्लिन होतं. त्या सप्टेंबरमध्ये प्रतिनिधीगृहाने मदतीच्या बदल्यात मोटार उद्योगाच्या कर्जयोजनेत कपात मागितली, सिनेट अडलं, सरकार बंद पडायची वेळ आली. टीव्हीवर ते आयरीनचं भांडण दिसत होतं. थांबली होती जॉप्लिनची कामं.

मंदार_प
हिशेबनीस काका, हे मला अजिबात माहीत नव्हतं. म्हणजे माझा राग योग्य पण पत्ता चुकीचा. मग मूरसारख्या ठिकाणी अडथळा कुठे येतो?

शुभदा_के
पहिला अडथळा जाहीरनाम्याचा, म्हणजे राष्ट्राध्यक्षांनी अधिकृतपणे आपत्ती जाहीर करण्याचा. १९८८ च्या स्टॅफर्ड कायद्याप्रमाणे क्रम असा: काउंटीचा आपत्ती अधिकारी नुकसानीचा अंदाज राज्याला देतो. राज्य आणि फेमाची माणसं मिळून प्राथमिक पाहणी करतात आणि प्रत्येक घर चारांपैकी एका गटात टाकतात: उद्ध्वस्त, मोठं नुकसान, किरकोळ नुकसान, बाधित. मग गव्हर्नर ३० दिवसांच्या आत विनंती पाठवतात. फेमाचं विभागीय कार्यालय, मग मुख्यालय, मग राष्ट्राध्यक्ष. नाकारलं तर गव्हर्नर ३० दिवसांत फेरविचार मागू शकतात. विनाश उघड दिसत असेल तर पाहणीची वाट न बघता जाहीर करता येतं, मूरला तेच केलं.

लक्षात ठेवा की जाहीरनामा एक असला तरी त्यात दोन वेगळ्या खिडक्या आहेत. एक सार्वजनिक मदत: ढिगारा, रस्ते, शाळा, वीज. यात केंद्राचा वाटा किमान ७५ टक्के. दुसरी वैयक्तिक मदत, म्हणजे कुटुंबांसाठी. एक मिळाली म्हणून दुसरी मिळेलच असं नाही.

सार्वजनिक मदतीसाठी राज्याचं नुकसान दरडोई ठरावीक रकमेच्या वर जावं लागतं. २०२५ च्या आर्थिक वर्षात ती रक्कम १.८९ डॉलर. ओक्लाहोमाची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत सुमारे ३९.६ लाख, म्हणजे साधारण ७५ लाख डॉलरचं पात्र नुकसान दाखवावं लागेल. यात फक्त विमा नसलेलं सार्वजनिक नुकसान धरतात, लोकांची घरं नाहीत. त्यामुळे ईएफ-३ ने एखाद्या लहान गावातली चाळीस घरं साफ केली, पण रस्ते आणि सरकारी इमारती वाचल्या, तर हा आकडा गाठला जात नाही. वैयक्तिक मदतीसाठी असा ठरलेला आकडा नाहीच. विमा नसलेली घरं किती, राज्याची ऐपत किती, वृद्ध, अपंग आणि गरीब किती, असं सगळं तोलून ठरवतात. इथेच विवेकाधिकाराला जागा आहे आणि राजकारणालाही.

उत्तररात्र
शुभदाताईंच्या शेवटच्या वाक्याला २०२५ ची उदाहरणं जोडतो. १४ आणि १५ मार्चच्या टोर्नेडोंनंतर आर्कान्सासने मागितलेला जाहीरनामा एप्रिलमध्ये नाकारला गेला. गव्हर्नर सारा हकबी सँडर्स, ज्या ट्रंप यांच्या पहिल्या कारकिर्दीत त्यांच्या प्रवक्त्या होत्या. फेरविचार मागितल्यावर मे महिन्यात मंजुरी मिळाली. १६ मे ला सेंट लुइसमध्ये ईएफ-३ आला, जाहीरनामा ९ जूनला. साडेतीन आठवडे. उडालेल्या छपरांखाली पाऊस आत येत राहिला. विटांच्या जुन्या घरात भिंतीत पाणी मुरलं की दुरुस्त होण्यासारखी भिंत पाडावी लागते.

त्या काळात मिसूरीने विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं. त्यात सेंट लुइससाठी १० कोटी डॉलर मिळाले, विम्यातला स्वतः भरायचा हिस्सा करातून सुटण्याची ५,००० डॉलरपर्यंतची सवलतही मिळाली. पण अधिवेशनाचा मुख्य विषय होता चीफ्स आणि रॉयल्स या संघांच्या स्टेडियमना सवलती. वादळग्रस्त भागातल्या सिनेटरांनी अडून बसून मदतीची रक्कम वाढवून घेतली. हे मला राग येण्यासारखं वाटतं. छप्पर उडालेल्या माणसाची ताडपत्री स्टेडियमच्या सौद्याला बांधली गेली.

कोरडवाहू
पण उत्तररात्र, त्यातूनच हेही दिसतं की राज्याकडे पैसा होता. केंद्राची वाट न बघता राज्याने आधीच राखीव निधी ठेवला असता तर? दरडोई रकमेचा इतिहास बघा. १९८६ मध्ये एक डॉलर ठरवली आणि १९९९ पर्यंत महागाईशी जोडलीच नाही. अमेरिकेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१२ मध्ये हे दाखवून दिलं होतं. उंबरठा इतका खाली राहिला की मध्यम आपत्तीही केंद्राकडे जाऊ लागल्या आणि राज्यांना स्वतःचा निधी उभारायची गरजच वाटेना.

शुभदा_के
निदान बरोबर, पण औषध सावकाश द्यायला हवं. उंबरठा एकदम वर नेला तर पहिल्याच वसंतात आर्कान्सास, मिसिसिपीसारखी राज्यं उघडी पडतील. आधी चार-पाच वर्षं मुदत द्या, त्यात राज्यांनी निधी उभारावा, मग वाढवा.

रानपाखरू
एक प्राथमिक शंका. पुरासाठी वेगळा विमा लागतो हे माहीत आहे. टोर्नेडोचं नुकसान साध्या गृहविम्यात भरून मिळतं ना? मग फेमाची इतकी गरज का पडते?

मीनाक्षी_जो
हो, वाऱ्याचं नुकसान साध्या गृहविम्यात येतं. पण कागदावर आणि हातात यात खूप अंतर आहे. सविस्तर लिहिते, कारण पैसा सगळ्यात जास्त इथेच अडतो.

वारा आणि गारांसाठी त्या पट्ट्यात बहुतेक पॉलिसींमध्ये वेगळा हिस्सा स्वतः भरावा लागतो आणि तो टक्केवारीत असतो, नुकसानीच्या नव्हे तर विमा रकमेच्या. दोन लाख डॉलरच्या घरावर दोन टक्के म्हणजे पहिले ४,००० डॉलर घरमालकाचे. मग पॉलिसी नव्या बांधकामाच्या किमतीची आहे की घसारा वजा करून, हे बघायचं. नव्या किमतीची असली तरी आधी घसारा कापूनच पैसे मिळतात, राहिलेला भाग काम झाल्याच्या पावत्या दाखवल्यावर. ज्याच्याकडे काम सुरू करायलाच पैसे नाहीत तो या टप्प्यावर अडकतो.

घरावर कर्ज असेल तर विम्याच्या चेकवर कर्ज देणाऱ्या संस्थेचंही नाव असतं. ती संस्था पैसे ठेवून घेते आणि बांधकामाची तपासणी करत हप्त्याने सोडते. कंत्राटदाराला आगाऊ रक्कम हवी असते, संस्था काम झाल्यावर देते. म्हणून करार करण्यापूर्वी संस्थेच्या नुकसानभरपाई विभागाकडून हप्त्यांचं वेळापत्रक लेखी घ्यावं आणि कंत्राटदाराचे टप्पे त्याला जुळवून घ्यावेत. नव्या बांधकाम नियमांमुळे वाढणारा खर्च साध्या पॉलिसीत नसतो किंवा थोडाच असतो, त्याचं कलम वेगळं घ्यावं लागतं.

आता फेमा. कायद्याने एकाच नुकसानीसाठी दोनदा पैसे देता येत नाहीत. त्यामुळे विमा आहे असं लिहिलं की फेमाकडून नकाराचं पत्र येतं आणि असंख्य लोक तिथेच थांबतात. बहुतेक वेळा त्या पत्राचा अर्थ एवढाच की विम्याचा निकाल लागल्यावर कागद पाठवा. विमा कंपनीचं मंजुरीचं किंवा नकाराचं पत्र आलं की पाठवायचं. पत्राच्या तारखेपासून ६० दिवसांत अपील करायचं. प्रत्येक कागदावर अर्जाचा क्रमांक आणि आपत्तीचा क्रमांक लिहायचा, नाहीतर कागद फाइलला लागतच नाही.

आणि फेमाच्या रकमा पाहा. २०२५ च्या आर्थिक वर्षात घरासाठी कमाल ४३,६०० डॉलर, इतर गरजांसाठी वेगळे तेवढेच. ही कमाल आहे, प्रत्यक्षात बहुतेकांना याच्या जवळपासही मिळत नाही. लगेच लागणाऱ्या अन्न, कपडे, औषधांसाठी ७७० डॉलर. घर राहण्यायोग्य, सुरक्षित करण्यापुरती ही मदत आहे, होतं तसं घर परत बांधण्यासाठी नाही.

सायली_म
मीनाक्षीताई, वारसाहक्काच्या घरांचं काय? आजीच्या नावावर घर, नातवंडं राहतात, कागद कुणाच्याच नावावर नाही, असं दक्षिणेत फार आहे.

मीनाक्षी_जो
तो मोठाच प्रश्न होता. २०२१ पासून फेमा अशा घरांसाठी स्वयंघोषणा स्वीकारते. मालकीचे इतर पुरावे का मिळत नाहीत हे त्यात लिहावं लागतं. कराची पावती किंवा दुरुस्तीची बिलं असतील तर तीही जोडावीत. आणखी एक बदल मार्च २०२४ पासूनचा: पूर्वी काही प्रकारच्या मदतीसाठी आधी लघुउद्योग प्रशासनाच्या कर्जाचा अर्ज करावा लागे, आता ती अट नाही. कर्ज हवं असेल तर वेगळा अर्ज करता येतोच, घरासाठी पाच लाख डॉलरपर्यंत.

पाया_पक्का
चर्चा छान चाललीय, पण सगळी वादळानंतरच्या पैशाची आहे. प्लाझा टॉवर्समधली मुलं पैसा उशिरा आला म्हणून गेली नाहीत. शाळेत सुरक्षित खोली नव्हती म्हणून गेली.

सुरक्षित खोली म्हणजे काय हे ठरलेलं आहे. आयसीसी-५०० हा मानदंड आणि फेमाची पी-३६१ ही मार्गदर्शिका. सर्वाधिक धोक्याच्या पट्ट्यात ताशी २५० मैल वेगाच्या वाऱ्यासाठी संकल्पन. चाचणीत १५ पौंडांचा लाकडी वासा ताशी १०० मैलांनी भिंतीवर आणि दारावर मारतात, छतावर ६७ मैलांनी. आत काही घुसता कामा नये. जागा प्रत्येक माणसाला ५ चौरस फूट, चाकाच्या खुर्चीतल्याला १०, अंथरुणाला खिळलेल्याला ३०. बहुतेक खोल्या दारापाशी नापास होतात. भिंत काँक्रीटची आणि दार गोदामाचं, असं चालत नाही. दार, चौकट, बिजागऱ्या आणि कड्या हे सगळं एकत्र चाचणी केलेलं घ्यावं लागतं, त्यातली एक कडी बदलली तरी ती चाचणी लागू राहत नाही.

साध्या घराबद्दलही थोडं. पहिलं जातं ते गॅरेजचं दार. ते आत कोसळलं की वारा आत शिरतो, छप्पर आतून वर ढकललं जातं आणि बाहेरून ओढलंही जातं. छपराचे वासे भिंतीवर नुसत्या तिरक्या खिळ्यांनी बसवलेले असतील तर ते उपटले जातात. छप्पर गेलं की भिंतींना वरून आधार उरत नाही, त्या पडतात. म्हणून मूर शहराने २०१४ मध्ये स्वतःचा बांधकाम नियम केला: आधीच्या ९० मैलांऐवजी १३५ मैलांचा वारा धरायचा. वाशांमधलं अंतर जास्तीत जास्त १६ इंच, वासा आणि भिंत यांच्या जोडावर धातूच्या क्लिप, छपराच्या प्लायवुडला कडेने ४ इंचांवर आणि मध्ये ६ इंचांवर खिळे, गॅरेजचं दार १३५ मैलांचं.

कुणी विचारेल, ईएफ-५ मध्ये वारा २०० मैलांच्या वर, मग १३५ ने काय होणार? टोर्नेडोचा सगळा पट्टा ईएफ-५ नसतो. सर्वाधिक वेगाची रेघ अरुंद असते, दोन्ही बाजूंची बहुतेक घरं ईएफ-०, १, २ च्या वाऱ्यात सापडतात. ती घरं उभी राहिली तर विमा, ढिगारा, तात्पुरता निवारा, सगळ्याचाच खर्च उतरतो. आणि त्या घरांचे वासे उडून शेजारच्या घरावर आदळत नाहीत.

खडूफळा
शाळा मे महिन्यात दुपारी चालू का ठेवली, हा प्रश्न तेव्हा बऱ्याच लोकांनी विचारला होता. इशारा २:४० ला, टोर्नेडो टेकला २:५६ ला. मुलांना घरी सोडता आलं नसतं का?

पाया_पक्का
नाही. १६ मिनिटांत शेकडो मुलं पालकांच्या ताब्यात देणं होत नाही, आणि बसमध्ये किंवा गाडीत असणं इमारतीत असण्यापेक्षा वाईट. अकराच दिवसांनी, ३१ मे ला, एल रेनोचा टोर्नेडो आला, रुंदी २.६ मैल. मूर आठवून लोक गाड्या काढून निघाले आणि महामार्ग तुंबले. तो गच्च रस्त्यावर आला असता तर काय झालं असतं, विचार करवत नाही. पुलाखाली थांबणं त्याहून वाईट, तिथे वारा चिंचोळ्या जागेतून जोरात जातो. १९९९ च्या ३ मे ला तसे आसरा घेतलेले लोक गेले. खिडक्या उघडून दाब कमी करायचा हा समजही चुकीचा, खिडक्या बंदच ठेवायच्या. इमारतीतच सुरक्षित जागा हवी, याला पर्याय नाही.

रानपाखरू
एल रेनो २.६ मैल रुंद आणि तरी ईएफ-३? मूर त्यापेक्षा अरुंद आणि ईएफ-५?

हिशेबनीस
श्रेणी नुकसानीवरून ठरते, रुंदीवरून नाही. पाहणी पथक २८ प्रकारच्या इमारती, झाडं, खांब यांचं नुकसान बघून वाऱ्याचा वेग काढतं. एल रेनो मोकळ्या शेतावरून गेला. रडारने प्रचंड वेग टिपला, पण पाडायला मजबूत असं काही वाटेत फार नव्हतं. मूरनंतर बारा वर्षं एकही ईएफ-५ नोंदला गेला नाही, नंतर २० जून २०२५ चा नॉर्थ डकोटातला एंडरलिन. मदतीचा श्रेणीशी थेट संबंध नाही, हे मात्र लक्षात ठेवा. ईएफ-२ ने विमा नसलेली वस्ती उडवली तर गरज ईएफ-५ इतकीच.

उत्तररात्र
पाया_पक्का यांचा मुद्दा राजकारणाशी जोडतो. मूरनंतर ओक्लाहोमात शाळांच्या सुरक्षित खोल्यांसाठी ५० कोटी डॉलरच्या रोख्यांचा प्रस्ताव जनमताला न्यायची मोहीम झाली, परतफेड उद्योगांवरच्या फ्रँचाइझ करातून. त्या कराला हात लावायला राज्यातलं नेतृत्व तयार नव्हतं. मतपत्रिकेवरच्या मजकुरावरून ॲटर्नी जनरलशी वाद झाला, वेळ गेला, सह्या पुऱ्या पडल्या नाहीत. केंद्राने खर्च कापावा म्हणणारं राज्य स्वतःच्या शाळांसाठी कर वापरायला तयार झालं नाही, हे मला सँडीच्या मतापेक्षा जास्त टोचतं.

कोरडवाहू
यावर मी तुमच्याशी पूर्ण सहमत. ज्याला केंद्राचा खर्च कमी हवा त्याने सगळ्यात आधी या खोल्यांसाठी मतदान करायला हवं होतं.

पाया_पक्का
घरांसाठी राज्याची सूनरसेफ योजना आहे, खर्चाच्या ७५ टक्क्यांपर्यंत, एका कमाल मर्यादेत. सोडतीने निवड. मूरमध्ये दोन शाळा पडल्या, दोन्ही सुरक्षित खोल्यांसह पुन्हा बांधल्या. आणि २०१५ च्या आंतरराष्ट्रीय बांधकाम संहितेने ताशी २५० मैल वाऱ्याच्या त्या पट्ट्यात नव्या शाळांना निवारा सक्तीचा केला. पण दोन फटी आहेत. जुन्या शाळांना लागू नाही, आणि संहिता राज्याने किंवा शहराने स्वीकारल्याशिवाय तिला कायद्याचं बळ नाही.

केंद्राचा प्रतिबंधक निधी मुख्यतः आपत्तीनंतरच मिळतो: पहिल्या दोन अब्जांच्या मदतीवर १५ टक्क्यांपर्यंत. म्हणजे खोली बांधायला आधी गाव पडावं लागतं. आपत्तीआधी पैसे देणारी ब्रिक योजना होती, एप्रिल २०२५ मध्ये ती बंद करत असल्याची घोषणा झाली आणि राज्यं न्यायालयात गेली.

सायली_म
'खोली बांधायला आधी गाव पडावं लागतं.' हे वाचून गप्पच झाले.

शुभदा_के
ढिगाऱ्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि शहराचे पैसे बुडतात ते तिथेच.

फेमा सामान्यतः सार्वजनिक रस्त्याच्या कडेपर्यंत आणून ठेवलेला ढिगाराच देयकात धरते. लोकांनी तो वेगळा करून लावायचा: झाडं-फांद्या, बांधकामाचा माल, फ्रिज-वॉशिंग मशीन, इलेक्ट्रॉनिक वस्तू, रंग-रसायनं-बॅटऱ्या. एकत्र ढीग झाला की उचलणारा तो सोडून जातो किंवा महागड्या कचराभूमीत जातो. जुन्या घरांत ॲस्बेस्टॉस निघालं तर ओलं करून, वेगळं बांधून न्यावं लागतं. खाजगी जागेतला ढिगारा उचलायचा तर आधी फेमाची मंजुरी आणि मालकाची प्रवेशाची लेखी परवानगी, आणि त्याच्या विम्यात ढिगाऱ्याचे पैसे असतील तर ते वळते होतात.

प्रत्येक ट्रकच्या हौद्याचं माप आधी घेऊन पाटी लावायची. भरताना एक निरीक्षक, उतरवताना उंचावरून हौद्यात बघणारा दुसरा. दोघांच्या नोंदी जुळल्या तरच ती खेप पात्र. कंत्राट 'खर्च अधिक अमुक टक्के नफा' असं केलं की ते चालतच नाही. घाईत पहिल्या आठवड्यात असे करार होतात आणि दोन वर्षांनी लेखापरीक्षणात रक्कम परत मागतात. शांततेच्या काळातच निविदा काढून दर ठरवून ठेवणं हा एकमेव उपाय.

आणि ही गोष्ट प्रत्येक स्वयंसेवी गटाने लिहून ठेवावी. राज्य आणि शहराचा जो २५ टक्के वाटा असतो त्यात स्वयंसेवकांचे श्रम धरता येतात. त्याच कामाला त्या भागात जी मजुरी असेल त्या दराने. अट एकच, नोंद हवी: नाव, तारीख, कामाची जागा, कामाचं स्वरूप, सुरुवात आणि शेवटची वेळ, सही. दान आलेलं साहित्य, वापरायला दिलेली यंत्रंही धरतात. हजारो माणसं येऊन राबतात आणि वही कुणी ठेवत नाही, मग शहराला तेवढे पैसे रोख भरावे लागतात.

खडूफळा
हे फारच मोलाचं आहे. मग जुने कपडे गोळा करून पाठवण्याऐवजी...

शुभदा_के
कपडे पाठवूच नका. वेगळे करायला माणसं लागतात, ठेवायला कोरडी जागा लागते, आणि त्या पहिल्या दिवसांत या दोन्ही गोष्टींची टंचाई असते. रोख द्या. वस्तू द्यायच्याच तर तिथल्या केंद्राने मागितलेल्या: ताडपत्र्या, जाड हातमोजे, पेट्या, कचऱ्याच्या जाड पिशव्या.

मंदार_प
पहिला प्रश्न मी 'सिनेटर कसे वागले' असा धरून आलो होतो. आता पैसा कुठे अडतो ते दिसतंय: दरडोई उंबरठ्याखाली राहिलेल्या लहान गावात, गव्हर्नरच्या विनंतीवर सही होईपर्यंत, कर्ज देणाऱ्या संस्थेच्या हप्त्यांत, नकाराच्या पत्रापाशी आणि न ठेवलेल्या वहीत. 'आधी कापा'बद्दल माझं मत बदललं नाही. तो वाद दरवर्षीच्या अर्थसंकल्पात घाला, निधी रिकामा झाल्यावर नको.

कोरडवाहू
दरवर्षीच्या अर्थसंकल्पात घाला, हे मलाही मान्य. माझं एवढंच की मग तिथे तो खरोखर घाला. दहा वर्षांच्या सरासरीवर तरतूद करायची आणि सरासरीच दरवर्षी वर सरकत असेल तर निधी ऑगस्टमध्येच आटणार. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पुन्हा 'तातडीची गरज' पद्धत लावावी लागली होती.

रानपाखरू
शेवटची शंका. भाड्याने राहणाऱ्यांचं काय? घरमालकाचा विमा त्यांच्या सामानाला लागू होतो का?

मीनाक्षी_जो
नाही. घरमालकाचा विमा इमारतीचा, भाडेकरूच्या सामानाचा नाही. भाडेकरूने फेमाकडे स्वतःची वेगळी नोंदणी करायची, जाहीरनाम्यापासून साधारण ६० दिवसांत. घरमालकाने अर्ज केलाय म्हणून थांबायचं नाही, तो त्याचा अर्ज. लागणारे कागद: ओळखपत्र, त्या पत्त्यावर राहत असल्याचा पुरावा (भाडेकरार नसेल तर वीजबिल, पगाराची पावती किंवा घरमालकाचं पत्र चालतं), सामानाचे फोटो. फोटो ढिगारा उचलायच्या आधी, प्रत्येक खोलीच्या चारही कोपऱ्यांतून. फ्रिज, गादी, संगणक, कामाची अवजारं यांची यादी वेगळी करायची, कारण कामाच्या अवजारांची मदत वेगळ्या शीर्षाखाली मिळते. घर राहण्यासारखं नसेल तर भाड्याची मदतही मागता येते, ती अर्जात स्वतंत्रपणे नोंदवायची. आणि तात्पुरता पत्ता किंवा फोन बदलला की लगेच फेमाला कळवायचं. पाहणीसाठी आलेला माणूस फोन लागला नाही तर अर्ज बंद करून निघून जातो.